पांढरीची माती

बालमित्रांनो, आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या गावात कधी काळी राजा होता का?

ज्यांच्या गावाजवळ किल्ला आहे, त्यांचे हात लगेच वर गेले असतील. बाकीचे गप्प बसले असतील, हो ना? आमच्या वर्गातही अगदी असंच झालं होतं. त्याचीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. या गोष्टीत एक चूक आहे, आणि ती माझी आहे. तुमच्या चुका आम्ही रोज लाल शाईनं दाखवतो. मग एखाद्या वेळी स्वतःचीही दाखवायला नको का?

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात प्राथमिक शिक्षिका आहे. डी.एड. झाले, नोकरी लागली आणि या गावात आले. त्याला आता नऊ वर्षं झाली. गाव चारचौघांसारखंच. सोयाबीन-तुरीची शेतं, मारुतीचं देऊळ, पारावर बसलेली म्हातारी माणसं. गावाच्या एका अंगाला मातीचा मोठा उंचवटा आहे. त्याला सगळे 'गढी' म्हणतात. वर एक ढासळलेला बुरूज, चार बाभळी आणि चरणाऱ्या शेळ्या. बस्स, एवढंच.

चौथीला शिवरायांचा इतिहास असतो. त्या दिवशी मी जिजाऊंबद्दल सांगत होते. "जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाला झाला. ते आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लखुजी जाधवांचा वाडा तिथं आजही पाहायला मिळतो."

एक मुलगी टुणकन उठली. "मॅडम, ते माह्या मामाचं गाव हाय! त्याच्या तं नावातच राजा हाय!"

सगळा वर्ग तिच्याकडे कौतुकानं पाहू लागला. तेवढ्यात मागून एका मुलानं विचारलं, "मॅडम, आपल्या गावात कोनता राजा होता जी?"

मी हसले. म्हटलं, "अरे, आपलं गाव साधं. इथं कुठला आलाय राजा?"

"मंग आपल्या गावाले इतिहासच नाही का?"

त्याला काय उत्तर द्यावं, मला सुचेना. मधली सुट्टी झाली, मुलं डबे घेऊन पळाली आणि तो प्रश्न तसाच राहिला.

त्याच वर्षी पावसाळ्यात शाळेच्या पटांगणात पाणी साचायला लागलं. प्रार्थनेला उभं राहायची पंचाईत झाली. भर घालायला हवी होती. गावातल्या मंडळींनी सुचवलं, "गढीची माती आना ना मॅडम. फुकटात हाय." मला पटलं. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या माती आली आणि पटांगण छान सपाट झालं.

त्या मातीत काय काय निघालं म्हणता! खापराचे तुकडे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हाडं, राख. मुलींनी चपट्या खापऱ्या वेचून ठिकरीचा खेळ मांडला. तो प्रश्न विचारणारा मुलगा मात्र मूठभर वस्तू घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, हे पाहा न जी." मी घाईत होते. म्हटलं, "फेक ते. हात धू आणि वर्गात बस."

ही माझी चूक. पण ती चूक आहे, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत वाचायला काहीतरी हवं म्हणून मी वाशीमला गेले आणि ग्रंथालयातून एक जाड पुस्तक आणलं. वासुदेव विष्णु मिराशी या मोठ्या विद्वानांचं 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल'. खरं सांगते, पहिली पानं वाचताना दोनदा डुलकी लागली. पण नंतर झोप कुठल्या कुठे उडाली!

मुलांनो, आपलं वाशीम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म. वाकाटक राजांची ही राजधानी होती, आजपासून सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी. प्रवरसेन नावाचा मोठा सम्राट होऊन गेला. त्याच्यानंतर, भावाभावांत शेताच्या वाटण्या होतात ना, तशा त्याच्या राज्याच्या वाटण्या झाल्या. एक घराणं नंदिवर्धनला राज्य करू लागलं, दुसरं वत्सगुल्मला. वत्सगुल्मचा पहिला राजा सर्वसेन. तो स्वतः कवी होता बरं का! 'हरिविजय' नावाचं काव्य त्यानं प्राकृत भाषेत लिहिलं होतं. ते आज उपलब्ध नाही. पण त्याच्या घराण्यातल्या हरिषेण राजाच्या काळातलं काम मात्र साऱ्या जगाला ठाऊक आहे. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं कोरून घेतलं.

आणखी एक गंमत. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर नावाच्या पंडितानं 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ लिहिला. त्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांच्या लग्नाची कथा आहे. लग्न कुठं लागलं, माहीत आहे? विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात! म्हणजे कवितेची वरात आपल्या वाशीमला आली होती म्हणायची.

पण मला खरी जाग आणली ती एका ताम्रपटानं. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेला राजाचा हुकूम. १९३९ साली वाशीमला असे चार पत्रे उजेडात आले. सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्महून काढलेला तो हुकूम होता. वत्सगुल्मचं हे वेगळं घराणं होतं, हे इतिहासकारांना स्पष्ट कळलं ते हा ताम्रपट मिळाल्यावरच. विचार करा, ते पत्रे कुणी मोडीत विकले असते तर? त्यांचे गंज, हंडे झाले असते, आणि वाशीमच्या राजांना आपण कायमचे मुकलो असतो.

त्या हुकमात काय असेल? मला वाटलं, लढाया असतील, हत्ती-घोडे असतील. पण तो हुकूम होता एका गावाचा. गावाचं नाव आकासपद्द. ते नांदीकडच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तरेकडच्या भागात होतं. राजानं ते गाव काही वेदपाठी ब्राह्मणांना दान दिलं, आणि आपल्या अधिकाऱ्यांना बजावलं, की या गावाकडून आता कोणत्या गोष्टी घ्यायच्या नाहीत.

सुट्टी संपल्यावर मी ती यादी फळ्यावर लिहिली. गावानं सोनं-नाणं आणि धान्य द्यायचं नाही. फुलं आणि दूध द्यायचं नाही. बैल पुरवायचे नाहीत. कातडं आणि कोळसा द्यायचा नाही. खाटा आणि भांडी पुरवायची नाहीत. सैनिकांनी गावात शिरायचं नाही.

मुलं बघत राहिली. मग तोच मागचा मुलगा उभा राहिला. "मॅडम, या गावाले माफी देली. म्हंजे बाकीच्या गावाले हे सारं द्या लागे?"

मी थक्क झाले. पुस्तक वाचताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! राजाचा माणूस दौऱ्यावर आला, की गावानं त्याला झोपायला खाट द्यायची, प्यायला दूध द्यायचं, गाडीला बैल जुंपून द्यायचे. हा त्या काळचा रिवाज होता. म्हणून तर माफी द्यावी लागली.

एक मुलगी म्हणाली, "शाळा तपासाले साहेब येतात, तवा आपुन घरून खुर्च्या आनतो. तसंच ना मॅडम?"

अख्खा वर्ग हसला. मीही हसले. पण ती चुकीचं काय बोलली सांगा?

मग मी त्यांना त्या हुकमातले काही मूळ शब्द वाचून दाखवले. हुकमाचा बराचसा भाग प्राकृत भाषेत आहे. खाटेला शब्द आहे 'खट्टा'. धान्याला 'धाण्ण'. दुधाला 'खीर'. "अरे, हे तर आपलेच शब्द!" असं सगळ्यांच्या तोंडावर उमटलं. घरात आजी ज्या खाटेवर झोपते, सणाला आई जी खीर करते, ते शब्द सोळाशे वर्षांपूर्वीच्या तांब्यावर कोरलेले आहेत. राजवाडा पडला, राजे गेले, पण खाट आणि खीर काही गेली नाही.

आता मुलांना राजधानी पाहायची घाई झाली. एका शनिवारी आम्ही एसटीनं वाशीमला गेलो. पद्मतीर्थ पाहिलं, बालाजीचं मंदिर पाहिलं. मुलं मात्र एकच विचारत होती, "राजवाडा कुठं हाय जी?"

राजवाडा नव्हताच. दुकानं होती, घरं होती, रिक्षा होत्या. मी समजावलं, "हे गाव शेकडो वर्षं एकाच जागी वसत आलंय. जुनं पडलं की त्यावर नवं. जुनं जे काही उरलं असेल, ते आपल्या पायांखाली." मुलांचा हिरमोड झाला. परतीच्या गाडीत एक जण म्हणाला, "पायाखालचं कसं पाहाव?"

त्याचं उत्तर मला दुसऱ्या एका गावात सापडलं. ते गाव वाशीम जिल्ह्यात नाही, पण वाकाटकांचंच आहे. रामटेकजवळचं नगरधन. वाकाटकांच्या दुसऱ्या घराण्याची राजधानी नंदिवर्धन, ती हीच. तिथं राणी प्रभावतीगुप्तानं राज्य चालवलं. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा गेला, मुलं लहान होती, तेव्हा तिनं कारभार हाती घेतला. आज नगरधन हे एक खेडं आहे. राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी २०१५ ते २०१८ या वर्षांत तिथं उत्खनन केलं. त्यात मातीची एक मुद्रा मिळाली. तिच्यावर एक शंख आहे आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्ताचं नाव! वजन किती असेल तिचं? सुमारे साडेसहा ग्रॅम. म्हणजे खडूच्या एका कांडीएवढं.

एवढीशी वस्तू मातीच्या ढिगाऱ्यात सापडली कशी? कारण उत्खनन करणारे लोक फावड्यानं माती ओढत नाहीत. चौकोन आखतात, लहान हत्यारांनी आणि ब्रशानं थर-थर उतरतात. कोणती वस्तू कोणत्या थरात, किती खोल मिळाली, ते लगेच लिहून ठेवतात. माती चाळूनसुद्धा बघतात.

हे थरांचं गणित मी मुलांना भाकरीच्या टोपलीवरून शिकवलं. आई भाकरी करते आणि टोपलीत एकावर एक ठेवते. सगळ्यात खालची भाकरी कोणती? पहिली केलेली. सगळ्यात वरची? शेवटची, गरम. गावाची जमीनही तशीच असते. खालचा थर जुना, वरचा नवा. खापराच्या तुकड्यावर तारीख लिहिलेली नसते. तो कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी होता, हे कळलं, तर त्याचं वय काढता येतं. "आणि कुणी टोपलीच उलटी केली तर?" मी विचारलं. "मंग कोनती पयली नि कोनती शेवटची, कसं कळन?" मुलं एका सुरात म्हणाली.

आणि बोलता बोलता मी एकदम थांबले. खिडकीतून समोर पटांगण दिसत होतं. मी टोपली उलटी केली होती. दोन ट्रॉल्या!

आपल्या बोलीत 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द आहेत. पिकाची जमीन ती काळी. गाव वसलेली जमीन ती पांढरी. माणसं पिढ्यान् पिढ्या एका जागी राहतात. मातीच्या भिंती उभ्या राहतात, पडतात, त्यांवर पुन्हा उभ्या राहतात. चुलीची राख, शेणाचं सारवण, फुटकी मडकी तिथंच मुरतात. त्यातून ती माती पांढुरकी होत जाते. म्हणजे पांढरी हे आपल्या गावाचं इतिहासाचं पुस्तकच की! आमच्या गढीत वाकाटकांच्या वेळचं काही असेल, किंवा दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं असेल. पण ते पुस्तक कुणी वाचण्याआधीच मी त्याची पानं फाडून पटांगणात पसरली होती.

मी वर्गाला सगळं सांगून टाकलं. "तुम्ही वस्तू दाखवायला आलात आणि मी फेकायला लावल्या. चुकले मी." वर्ग शांत झाला. मग तो मुलगा उठला, कंपासपेटी उघडली आणि एक मातीचा मणी माझ्या हातावर ठेवला. लहानसा, काळपट, मधून भोक पाडलेला. "म्या हा नवता फेकला, मॅडम. कितीक वर्साचा असन जी?"

काय सांगणार? एखाद्या राणीच्या काळात कुण्या पोरीच्या गळ्यात असेल, नाहीतर तिच्या आजीच्या आजीनं बैलाच्या गळ्यात बांधला असेल. तो गढीत कुठं होता, किती खोल होता, त्याच्याशेजारी काय होतं, हे सांगणारी माती तर विस्कटून गेली होती. त्या मुलाला मी दुसऱ्यांदा उत्तर देऊ शकले नाही. पहिल्यांदा मला माहीत नव्हतं म्हणून, आणि या वेळी मीच ते पुसून टाकलं होतं म्हणून.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी बोलायला उभी राहिले. हात थरथरत होते. म्हटलं, "गढीची माती ट्रॅक्टरनं नेऊ नका. मीही नेली होती, ती माझी चूक झाली." काही जण हसले. एक आजीबाई म्हणाल्या, "मॅडम, माह्या घरावर धाबं हाय. दर साली त्याच्यावर माती टाका लागते, नाहीतं गयते. मी कुठून आनू माती?"

त्यांचं खरं होतं. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर गळत असताना मी त्यांना राजाराणीच्या गोष्टी काय सांगू? बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं, की पावसानं घसरून पायथ्याशी आलेली माती टोपलीनं न्यावी. गढीच्या अंगाला कुदळ लावू नये, ट्रॅक्टर घालू नये. सगळे तसंच वागतात असं मी म्हणणार नाही. एखादी ट्रॉली अजूनही अंधारात जाते. पण आता ती अंधारात जाते, हेही थोडंथोडकं नाही. आधी ती भर दुपारी, माझ्या शाळेसाठी आली होती.

मुलांनो, तुमच्या गावातही अशी एखादी गढी, टेकाड, जुनी विहीर असेल. तिथं काही सापडलं, तर मुद्दाम खणायला जाऊ नका. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नका. जिथं सापडली ती जागा वहीत लिहा, तिचं चित्र काढा आणि आपल्या सरांना, मॅडमना किंवा तलाठ्यांना सांगा. आणि हे मोठ्यांनाही वाचून दाखवा. १८७८ सालापासून आपल्याकडे कायदा आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. आणि तुमच्या सरांना किंवा मॅडमना फार घाई असली आणि त्या "फेक ते" म्हणाल्या, तर त्यांना ही गोष्ट सांगा हं!

तो मणी आता आमच्या वर्गाच्या कपाटात एका काचेच्या बरणीत आहे. मुलांनी त्याला चिठ्ठी लावली आहे. चिठ्ठीवर तीन रकाने आहेत. वस्तू : मणी. कुठं सापडला : शाळेच्या पटांगणात, गढीच्या मातीत. तिसरा रकाना आहे 'थर'. तो रिकामा आहे. दर वर्षी चौथीची नवी मुलं येतात आणि विचारतात, "मॅडम, हे खाली का नाही लिहिलं?" मग मी त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगते.

तुमच्या गावाच्या चिठ्ठीवर तो रकाना रिकामा राहू देऊ नका.